पाटावरची फ्लॉपी

"काहीही झालं तरी सुधीरला फोन करायचा नाही," हरिहर प्रधानांनी तिसऱ्यांदा बजावलं, तेव्हा उत्तराबाईंनी मेथी निवडता निवडता मान वर केली. ठाण्याला वर्तकनगरच्या त्या दोन खोल्यांत त्या दोघांशिवाय तिसरं कुणी नव्हतं. म्हणजे हे बजावणं त्यांनाच असणार.

"मी कशाला करतेय?" त्या म्हणाल्या. "दर वेळी तुम्हीच करता."

हे खरं होतं, आणि तेच तर दुखणं होतं. सुधीर हा हरिहररावांचा साडू. उत्तराबाईंची धाकटी बहीण वासंती त्याला दिलेली, बिऱ्हाड डोंबिवलीला. प्रधानांच्या घरी कॉम्प्युटर आला तो सुधीरच्या सल्ल्याने, त्यातलं विंडोज आलं ते सुधीरच्या सीडीवरून उतरवलेलं, आणि दर महिना-दोन महिन्यांनी ते रुसलं की त्याची समजूत घालायलाही सुधीरच येई. सफारी घालून यायचा. चप्पल काढता काढताच विचारायचा, "हरिभाऊ, आता कशाला हात लावलात?" आणि भरपेट जेवून निघताना सांगायचा, "आता परत कशाला हात लावू नका." स्वतःच्या घरात, स्वतःच्या टेबलावर ठेवलेल्या यंत्राबद्दल हे ऐकून घ्यायचं म्हणजे माणसाचा जीव किती जळत असेल!

त्यातून हरिहरराव सरकारी लेखापरीक्षक. दुसऱ्याच्या कागदांत खोट काढण्यात हयात गेलेली. ज्या वस्तूची पावती नाही ती वस्तू त्यांच्या लेखी चोरीची, आणि घरातल्या विंडोजची पावती काही त्यांच्याकडे नव्हती. अशा मनःस्थितीत एक दिवस त्यांनी कॉम्प्युटरचं एक मासिक विकत घेतलं. त्याबरोबर सीडी आली होती. आत छापलं होतं की लिनक्स नावाची एक सिस्टीम आहे, ती फुकट आहे, राजरोस आहे, आणि कुणाला वाटली तरी गुन्हा होत नाही. हरिहररावांनी ते पान दोनदा वाचलं. चोरी नाही आणि सुधीरही नाही, असं सुख त्यांना ठाऊकच नव्हतं.

खरं तर ते गुपचूप प्रयोग करून मोकळे झाले असते. पण गणपतीत कल्याणला अण्णांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या घरी सगळा गोतावळा जमला असताना सुधीर मोदक फोडत म्हणाला, "ताईंच्या घरचा कॉम्प्युटर काय, आपल्या जिवावर चालतो!" मंडळी हसली. हरिहररावांच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"येत्या दसऱ्याला या," ते म्हणाले. "माझ्या घरी सरळ मार्गाने आलेली सिस्टीम चालताना दाखवतो. त्यानंतर कॉम्प्युटरसाठी तुम्हाला एक फोन आला तर नाव बदलेन."

"आणि नाही चालली तर?"

"नाही चालली तर दसऱ्याचा मान तुमचा. मंडळी तुमच्याकडे येतील."

 दसऱ्याचं जेवण म्हणजे थोरल्या जावयाचा मान. कल्याणचे मामा, मोहन्याची आत्या, शहाडचे मावसभाऊ आपापल्या पोराबाळांसकट त्या दिवशी ठाण्याला यायचे. अण्णा पहिलं सोनं, म्हणजे आपट्याचं पान, हरिहररावांच्या हातावर ठेवायचे आणि सगळ्यांसमोर त्यांना "जावईबापू" म्हणायचे. ऑफिसात त्यांना कुणी विचारत नसे, सोसायटीत त्यांचं कुणी ऐकत नसे. वर्षातला हा एकच दिवस असा की आपण कुणीतरी आहोत असं त्यांना वाटे. तोच त्यांनी पणाला लावला. अण्णांनी दोघांच्याही तोंडाकडे बघून "ठरलं," असं जाहीर केलं.

परतताना रिक्षात उत्तराबाईंनी एवढंच विचारलं, "म्हणजे नाही चालली, तर सगळी मंडळी कायमची डोंबिवलीला?"

"कायमची. पण तशी वेळ येणार नाही."

"हं," उत्तराबाई म्हणाल्या, आणि रिक्षाबाहेर बघू लागल्या.

मग सुरू झालं ते लिनक्स बसवणं. ती सिस्टीम फुकट होती खरी, पण स्वभावाने सासुरवाशिणीला छळणाऱ्या सासूसारखी. पावलोपावली प्रश्न. डिस्कचे तुकडे किती करू, कुठला कुणाला देऊ, उंदीर कुठल्या जातीचा आहे. हरिहररावांनी आपल्या स्वभावाप्रमाणे प्रत्येक उत्तर आधी कागदावर कच्चं लिहिलं आणि मग पक्कं केलं. पुढे तिने मॉनिटरची वारंवारता विचारली, आणि उत्तर चुकलं तर मॉनिटरला इजा होऊ शकेल असा दमही भरला. हरिहरराव थेट ज्या दुकानातून यंत्र घेतलं त्या दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, "साहेब, इतकी वर्षं धंदा करतोय, पण हे कुणी विचारलं नाय. तुम्हाला चित्र दिसतंय ना? मग झालं की!"

शेवटी टेबल आणि भिंत यांच्यामध्ये अंग चोरून, टॉर्च दातात धरून त्यांनी मॉनिटरच्या पाठीवरचे आकडे वाचले. आकडे मिळाले, पण पाठ धरली. दोन दिवस आयोडेक्स चोळावं लागलं.

त्याच्यावर कडी म्हणजे कीबोर्ड. एकदाची सिस्टीम बसली, काळ्या पडद्यावर तिने नाव विचारलं, ते यांनी दिलं. मग तिने परवलीचा शब्द विचारला. हरिहरराव टाइप करू लागले, तर पडद्यावर एक अक्षर उमटेना. हळू दाबून पाहिलं, जोरात दाबून पाहिलं, कीबोर्ड उलटा करून झटकला. त्यातून चकलीचे तुकडे पडले, पण अक्षर काही पडलं नाही.

"कीबोर्ड गेला," ते म्हणाले, आणि स्टेशनजवळून नवा घेऊन आले. नव्यानेही तेच. दुकानदाराशी भांडून तो बदलून आणला. तिसऱ्यानेही तेच. तेव्हा कुठे मासिकातलं ते पान त्यांनी शेवटपर्यंत वाचलं. तळाशी बारीक अक्षरांत छापलं होतं की परवलीचा शब्द टाइप करताना तो पडद्यावर दिसत नाही, घाबरून जाऊ नये.

पण एके रविवारी दुपारी पडद्यावर रंग उमटले, खिडक्या उघडल्या आणि कोपऱ्यात एक गुबगुबीत पेंग्विन बसलेला दिसला. हरिहररावांनी चष्मा काढून डोळे पुसले. त्यांना खरोखर भरून आलं होतं.

"अगं, बघ! चालली!"

उत्तराबाई पदराला हात पुशीत आल्या. पक्ष्याकडे बराच वेळ बघून म्हणाल्या, "छान आहे. पण हा करतो काय?"

"करायचं काय? स्वतंत्र आहे तो!"

त्या स्वातंत्र्याची किल्ली म्हणजे एक फ्लॉपी. बसवताना सिस्टीमने सुरुवात डिस्कवरून करू की फ्लॉपीवरून असं विचारलं होतं, आणि सावध हरिहररावांनी फ्लॉपी निवडली होती. फ्लॉपी घालून यंत्र सुरू केलं की पेंग्विन, नाही घातली तर जुनं विंडोज. पुढे नवरात्र बसलं आणि हरिहररावांना वाटलं, आता चोरीचा माल घरात कशाला? त्यांनी विंडोज समूळ पुसून टाकलं. आता फ्लॉपी नसेल तर यंत्र म्हणजे नुसतं खोकं. ही फ्लॉपी ते येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्या कौतुकाने दाखवत. "खरी देवता ही," असं म्हणून ते तिची पत्र्याची झडप सरकवून आतली काळी चकती दाखवत. "हिला बोट लागलं की खेळ खलास. नुसतं बोट! म्हणून ही झडप."

उत्तराबाईंनी हे प्रवचन इतक्यांदा ऐकलं होतं की त्यांना ते पाठ झालं असणार.

नवरात्रातच वासंती बहिणीकडे हळदीकुंकवाला आली. हरिहररावांनी तिच्या हातात सीडीची एक प्रत आणि आपल्या फ्लॉपीची एक नक्कल ठेवली. "सुधीररावांना दे. म्हणावं, आमच्याकडून भेट. ही वाटायला परवानगी लागत नाही."

"भावोजी, कशाला त्यांना डिवचता?" वासंती म्हणाली. "आणि खरं सांगा, तुमचं चालतंय ना नीट? दसरा आमच्याकडे आला तर मी कुठे बसवू सगळ्यांना? मोहन्याची आत्या एकटीच एक खोली घेते."

"निश्चिंत राहा. दसरा ठाण्याबाहेर जात नाही."

खंडेनवमीला हरिहरराव ऑफिसात होते. तिथे टाइपरायटरला झेंडूचा हार घालून, पेढा खाऊन ते संध्याकाळी घरी आले, तर उत्तराबाईंनी रीतीप्रमाणे घरातल्या शस्त्रांची पूजा मांडली होती. पाटावर विळी, कात्री, अडकित्ता, हरिहररावांचा स्क्रू-ड्रायव्हर, स्कूटरची किल्ली, आणि सगळ्यांच्या मधोमध, झेंडूच्या फुलाखाली, फ्लॉपी. तिच्या लेबलवर कुंकवाचं सुबक बोट.

"वा!" हरिहररावांना गहिवरच आला. "हिला मधला मान दिलास?"

"तुम्हीच म्हणता ना, खरी देवता ती."

"जरा एकदा लावून बघतो."

"अहो, पूजेतलं शस्त्र उद्या सकाळपर्यंत हलवतात का?" उत्तराबाईंनी त्यांचा हात अर्ध्यातच थोपवला. ते तर हरिहररावांनाही मान्य होतं. शस्त्रांना एक दिवसाची विश्रांती, हा नियम त्यांच्या आजोबांपासूनचा.

दसऱ्याच्या सकाळी स्वयंपाकघरातून श्रीखंडाचा वास येत असताना, नवा झब्बा घालून, हरिहररावांनी पाटाला नमस्कार केला, फ्लॉपी उचलली आणि यंत्रात सरकवली. बटण दाबलं. यंत्रातून असा आवाज आला की जणू कुणीतरी दगड दळतंय. पडद्यावर एक ओळ आली आणि तिथेच थांबली. त्यांनी फ्लॉपी बाहेर काढली, झडप सरकवली. आत काळ्या चकतीवर हळदीचं एक आणि कुंकवाचं एक, अशी दोन ठसठशीत बोटं उमटली होती. वर एक अक्षत चिकटून बसली होती.

"उत्तरा!"

उत्तराबाई झारा घेऊन आल्या.

"अगं, चकतीला लावलंस?"

"मग काय नुसत्या डबीला लावायचं? मूर्तीला लावतात, देव्हाऱ्याला नाही."

 हरिहररावांनी कापसाने पुसलं, कोलनवॉटरने पुसलं, फुंकर मारली. चकतीवर आता केशरी ढग पसरला. सगळं पहिल्यापासून बसवायचं म्हटलं तर दिवस जाणार, आणि मंडळी तासाभरात दारात उभी राहणार.

"नक्कल दिली होतीत ना डोंबिवलीला?" उत्तराबाईंनी शांतपणे आठवण करून दिली. "सुधीररावांना फोन करा. येताना आणतील."

हरिहररावांचा हात रिसीव्हरपर्यंत गेला. मग "डोंबिवली" हा शब्द त्यांच्या कानात वाजला, "आता कशाला हात लावलात" हे वाक्य वाजलं, आणि हात मागे आला.

"प्राण गेला तरी नाही!"

"बरं," म्हणून उत्तराबाई पुऱ्या तळायला गेल्या.

मंडळी आली. सोनं वाटून झालं. अण्णांनी "घ्या, जावईबापू," म्हणत पान दिलं, तेव्हा हरिहररावांनी ते शेवटचं म्हणून जपून झब्ब्याच्या खिशात ठेवलं. सुधीर मात्र आज भलताच गप्प होता. सफारीच्या वरच्या खिशावर हात ठेवून, छातीत दुखत असल्यासारखा एका कोपऱ्यात बसला होता. हरिहरराव प्रत्येकाला श्रीखंडाचा आग्रह करत होते, कारण जेवणं लांबली तर बरंच होतं. पण श्रीखंडालाही अंत असतो. अण्णांनी चूळ भरली आणि विचारलं, "हं, आता दाखवा तुमचा तो पक्षी."

सगळे कॉम्प्युटरभोवती जमले. मोहन्याच्या आत्यांनी खुर्ची पुढे ओढली. हरिहररावांनी एकदा मंडळींकडे, एकदा अण्णांच्या हातातल्या काठीकडे पाहिलं. पुष्कळ सबबी सुचत होत्या, पण लेखापरीक्षकाच्या तोंडून त्या निघेनात.

"अण्णा, नाही चालत," ते म्हणाले. "कालपर्यंत चालत होती. आज नाही."

वास्तविक सुधीरने आता मांडीवर थाप मारायला हवी होती. पण त्याचा चेहरा खर्रकन उतरला.

"म्हणजे... अजिबात नाय चालत?" त्याने विचारलं. "तुमची पण नाय?"

"माझी पण म्हणजे?"

"काही नाय, असंच विचारलं."

"मग ठरल्याप्रमाणे," अण्णांनी काठी टेकली, "पुढल्या वर्षापासून दसरा..."

स्वयंपाकघराच्या दारात दोघी बहिणी उभ्या होत्या. उत्तराबाईंच्या चेहऱ्यावर, हरिहररावांनी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता असा टवटवीतपणा आला होता. वासंतीच्या हातून मात्र वाट्यांचा ढीग खाली आला.

"अण्णा, थांबा!" ती पुढे आली. "अहो, काढा ती खिशातली."

"वासंती, गप बस."

"गप काय बस? काढा म्हणते ना! आठवडाभर घरात तोंड पाडून बसलायत, आणि इथे ऐट."

सुधीरने खिशातून फ्लॉपी काढली. ही तीच नक्कल. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. वासंतीने भेट नेऊन दिली तेव्हा सुधीर हसला होता. पण हरिभाऊंना जमतं आणि आपल्याला नाही, हे त्याला सोसवेना. त्याने चोरून बसवायला घेतलं. सिस्टीमने विचारलं, सगळी डिस्क घेऊ का? हा म्हणाला, घे. त्यात विंडोज वाहून गेलं. तिने विचारलं, फ्लॉपी बनवू का? हा म्हणाला, नको, हरिभाऊंची आयती आहे की!

"आणि आता चालू केलं की नुसतं पॅनिक लिहून येतं," सुधीर म्हणाला. "पॅनिक, बस्स! मशीनला झालंय की मला, तेच कळेना. विंडोजची सीडी ऑफिसात फिरतेय, कुणाकडे गेलीय देव जाणे. म्हटलं, आज ही फ्लॉपी तुमच्या मशीनवर घालून बघू, म्हणजे खोट फ्लॉपीत आहे की माझ्यात ते तरी समजेल."

खोट कुठेच नव्हती. ती फ्लॉपी हरिहररावांच्या डिस्कसाठी बनलेली, त्यांच्याच डिस्कचा तुकडा शोधणारी. डोंबिवलीच्या यंत्रात तो तुकडा तिला कुठून सापडणार? हरिहररावांना हे तेव्हा माहीत नव्हतं. त्यांनी ती घेतली, झडप सरकवून आत कुंकू नाही याची खात्री केली, आणि यंत्रात घातली. बटण दाबलं. पडद्यावरून ओळींमागून ओळी पळू लागल्या. नाव विचारलं, त्यांनी दिलं. परवलीचा शब्द विचारला, तो त्यांनी न दिसता दिला. आणि पेंग्विन आला.

"चालली!" वासंती सगळ्यात मोठ्याने ओरडली.

शहाडच्या मावसभावांनी टाळ्या वाजवल्या. आत्या म्हणाल्या, "बदक छान आहे हो!" अण्णांनी जाहीर केलं की दसरा ठाण्यालाच, आणि जावईबापूंच्या पाठीवर थाप मारली. नेमकी दुखऱ्या जागेवर, पण हरिहररावांना ती गोड लागली. जाताना सुधीर चपलेत पाय घालता घालता हळूच म्हणाला, "हरिभाऊ, या रविवारी जरा डोंबिवलीला याल? जेवायलाच या."

"येईन की," हरिहरराव म्हणाले. "तोवर मात्र कशाला हात लावू नका."

हे वाक्य बोलायला मिळावं म्हणून त्यांनी किती वर्षं वाट पाहिली होती!

मंडळी गेल्यावर, तासभर पेंग्विनकडे बघून झाल्यावर, ते विजयी मुद्रेने स्वयंपाकघरात आले. उत्तराबाई भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. समोर ओट्यापर्यंत भांड्यांची रास. पुऱ्या लाटून मनगट सुजलं होतं, ते त्यांनी थंड पाण्याच्या पातेल्यात बुडवलं होतं. पहाटेपासून त्यांनी स्वतः एक घासही खाल्ला नसावा.

"राहिला ना मान आपल्याकडे!" हरिहरराव म्हणाले.

"राहिला," उत्तराबाई म्हणाल्या. मघाचा टवटवीतपणा कुठल्या कुठे गेला होता.

 मग हरिहररावांना एक गोष्ट आठवली.

"एक विचारू? ती झडप स्प्रिंगची आहे. दोन बोटांनी धरून ठेवल्याशिवाय उघडी राहत नाही. एका हाताने ती धरायची आणि दुसऱ्याने हळदकुंकू लावायचं म्हणजे बराच खटाटोप. हे तुला सुचलं कसं?"

"तुम्हीच तर दाखवत होतात सगळ्यांना." उत्तराबाईंनी मनगट पाण्यातून काढून पदराला पुसलं. "नुसतं बोट लागलं की खेळ खलास, म्हणून."

 हयातभर दुसऱ्यांच्या कागदांतली खोट पकडणाऱ्या माणसाला स्वतःच्या घरातली इतक्या वर्षांची खोट आज दिसली, आणि त्यांना मनापासून लाज वाटली. त्यांनी नव्या झब्ब्याच्या बाह्या वर केल्या. उरलेल्या श्रीखंडाची वाटी आणि चार पुऱ्या बायकोच्या पुढ्यात ठेवल्या. मग बाहेरच्या खोलीत जाऊन, सुधीर आणि वासंती डोंबिवलीला पोचले असतील असा अंदाज घेऊन, त्यांनी फोन उचलला.

"सुधीरराव? हरिहर बोलतोय. हो हो, रविवारी येतोय. पण त्याआधी एक. मान कसा, वाटून घ्यावा माणसाने. एक वर्ष ठाणे, एक वर्ष डोंबिवली. अण्णांना मी सांगतो. पुढचा दसरा तुमचा."

"काय सांगता, हरिभाऊ!" सुधीरचा आवाज आनंदाने इतका चढला की उत्तराबाईंना आतपर्यंत ऐकू गेला. "अगं वासंती, ऐकलंस का? पुढल्या वर्षी सगळे आपल्याकडे!"

पलीकडे वाट्यांचा दुसरा ढीग खाली आला. अलीकडे उत्तराबाईंनी पहिली पुरी श्रीखंडात बुडवली.